हरकतवाला जोडीदार

माझ्या जोडीदाराने जन्माला आल्याबरोबर जो टाहो फोडला तो रडण्यासाठी नव्हता. "मुलगा झाला" या डॉक्टरीणबाईंच्या विधानाला त्याने घेतलेली ती पहिली हरकत होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्याची आई हे नाकारते. पण आई म्हणजे हितसंबंधी साक्षीदार, त्यामुळे तिचं म्हणणं मी फारसं धरत नाही. जोडीदार म्हणजे मूट कोर्टातला जोडीदार, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या अमरावतीत भुवया वर जायला वेळ लागत नाही. मूट कोर्ट म्हणजे विधी महाविद्यालयातलं लुटुपुटीचं कोर्ट. खटला खोटा, कायदे खरे, अंगात मापाचा नसलेला काळा कोट आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत बाहेरून बोलावलेले कोणी तरी निवृत्त साहेब. त्यात दोघादोघांच्या जोड्या लागतात. आमच्या वर्गात जोड्या लागल्या त्या दिवशी आम्ही दोघंही उशिरा पोचलो, आणि बाकी सगळे वाटून झाल्यावर जे दोघं उरतात त्यांची लागते तशी आमची जोडी लागली. त्यावरही त्याने हरकत घेतली. "उशिरा आलो म्हणजे कोणाच्या घड्याळानं?" असं त्याने सरांना विचारलं. सरांनी मनगट पुढे केलं, तर ते घड्याळ बरोबर असल्याचा पुरावा मागितला. मी मागच्या बाकावर डोक्याला हात लावून बसले होते.

तो अकोल्याचा. उंच, किडकिडीत, आणि भर मे महिन्यात शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावणारा. "हो" हा शब्द त्याच्या तोंडून कधी सरळ बाहेर पडलाच नाही. कॅन्टीनचे काका म्हणाले, चहा कडक आहे, की हा विचारणार, कडक कशावरून? गिला वडा गरम आहे म्हटलं तर त्यावर बोट ठेवणार, बोट भाजून घेणार आणि मग फुंकर घालत म्हणणार, "आता मान्य." एकदा अकोल्याच्या बसमध्ये चढताना कंडक्टरने "गाडी फुल आहे" म्हणून त्याला अडवलं. "फुल म्हणजे किती?" याने विचारलं. कंडक्टरही वऱ्हाडातलाच. "तुले सोडून जेवढे बसले तेवढे," म्हणाला आणि त्याने घंटी मारली. दुसऱ्या कोणाला हा पाणउतारा वाटला असता. हा मात्र दुसऱ्या दिवशी ते वाक्य वर्गभर सांगत फिरला. "मानलं पाहिजेन बावा त्या मानसाले. असं उत्तर पाहिजे!" आपल्याला चितपट करणाऱ्या माणसाबद्दल इतकं प्रेम मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही.

मीही काही माघार घेणारी नव्हे. आमचा घरचा फुलांचा धंदा. फुलबाजारात भाव करताना जो आधी गप्प बसला तो गेला, हे मी शाळेत जायच्या आधीच शिकले होते. त्यामुळे आमची रोज जुंपायची. वर्गात जुंपायची, ग्रंथालयात दबक्या आवाजात जुंपायची, आणि मी घरी जायला स्कूटी सुरू केली की तो हँडल धरून उरलेला मुद्दा पूर्ण करायचा. पोटगीच्या कलमापासून भरताला काटेरी वांगं बरं की बिनकाट्याचं, इथपर्यंत कुठलाही विषय चालायचा. घरी पोचेपर्यंत मला आणखी दोन चांगले मुद्दे सुचलेले असायचे आणि उद्याची सकाळ कधी होते असं व्हायचं. आता लपवण्यात अर्थ नाही. मला ते फार आवडायचं.

आम्ही दुसऱ्या वर्षाला गेलो तोवर एआय नावाचं प्रकरण प्रत्येकाच्या खिशात येऊन बसलं होतं, आणि त्यावरून वर्गात तट पडले. माझी एक मैत्रीण कलम वाचण्याआधी त्याला विचारायची, वाचल्यावर विचारायची आणि पेपरला जाताना मोबाइल बंद करण्यापूर्वी त्याला नमस्कार करायची. तेल्हाऱ्याचा एक मुलगा अगदी दुसऱ्या टोकाचा. यंत्राच्या जिवावर वकील होण्यापेक्षा घरची कपाशी वेचलेली बरी, असं तो भर वर्गात बोलला होता. परीक्षेच्या आठवड्यात तोच ग्रंथालयाच्या कोपऱ्यात मोबाइलपुढे "लहान पोराले सांगतात तसं सांग ना बाप्पा" असा काकुळतीला आलेला सापडला. बाकीचे बहुतेक सगळे गुपचूप वापरायचे आणि "घरी बसून केलं" म्हणायचे. ते घरीच केलेलं असायचं, त्यामुळे खोटं म्हणता येत नसे. सरांनी मात्र ओळखलं, कारण सगळ्यांच्या प्रकल्पांत "या पार्श्वभूमीवर हे नमूद करणे महत्त्वाचे ठरते" असं एकच वाक्य दर पानावर बसलेलं होतं. तो गठ्ठा टेबलावर ठेवून सर एवढंच म्हणाले, "ही सगळी एकाच आईची लेकरं दिसतात."

पण एआयमुळे विद्यार्थी बिघडले असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. कोर्टात जाऊन खटला पाहायचा आणि जर्नलमध्ये लिहायचा, असा आम्हाला नियम. ते जर्नल वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे थोरल्या बहिणीच्या फ्रॉकसारखं उतरत यायचं. त्यात एक सायकलचोरीचा खटला होता. तो आमच्या कॉलेजच्या कित्येक तुकड्यांनी 'प्रत्यक्ष हजर राहून' पाहिला. चोर एव्हाना आजोबा झाला असेल, जर्नलमध्ये तो अजून तरुणच आहे. माझं म्हणाल तर मी एआय बिनधास्त वापरत असे. आम्ही मराठी शाळेतून आलेल्या मुली. इंग्रजी निकालपत्राचं एकेक वाक्य सुरू झालं की संपेचना. 'समजलं नाही' हे चारचौघांत म्हणायला लाज वाटायची. यंत्राला ते कितीही वेळा म्हटलं तरी ते कपाळाला आठी घालत नसे, याबद्दल मी आजही त्याची आभारी आहे.

जोडीदाराचा पवित्रा या सगळ्यांहून निराळा. "हा आपला गुरू नाई अन् नोकरबी नाई," तो सांगायचा. "हा साक्षीदार हाये. साक्षीदाराले इचारायचं असते, त्याच्या पाया पडायचं नसते." आणि तो खरोखरच एआयला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचा. प्रश्न विचारण्याआधी शपथ द्यायचा, "ईश्वराला स्मरून खरं सांगेन म्हण." यंत्र नम्रपणे कळवायचं की ते एक संगणकीय साधन असल्यामुळे शपथ घेऊ शकत नाही, परंतु मदत करायला त्याला आनंदच होईल. "साक्षीदार शपथ घ्याले नाई म्हणते. नोंद घे," तो मला फर्मावायचा. मग उलटतपास. त्याचा आवडता प्रश्न ठरलेला: मालकी हक्कावरून जमिनीचा ताबा मागायचा असेल तर दावा किती वर्षांच्या आत लावावा लागतो? यंत्र बरोबर सांगायचं, बारा वर्षं. "चूक. तीन वर्षं," हा ठणकावायचा. आणि यंत्राचा पाय घसरायचा! क्षमस्व, तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे, तीन वर्षंच, माझ्या लक्षात आणून दिल्याबद्दल धन्यवाद. "फितूर!" तो ग्रंथालयात एवढ्या मोठ्याने ओरडायचा की ग्रंथपालबाई आम्हा दोघांना बाहेर काढायच्या. मी काय केलं होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

हा खेळ कित्येक आठवडे चालला. तो यंत्राला कधी रागावून तीन वर्षं सांगायचा, कधी गोड बोलून, कधी शुद्ध पुस्तकी मराठीत, कधी ठेवणीतल्या वऱ्हाडीत. कधी यंत्र पहिल्या वाक्यालाच शरण जायचं, कधी थोडी खळखळ करून जायचं, पण जायचं. एखाद्या दिवशी ते बाराला चिकटून राहिलं तर याचा चेहरा उजळायचा; मग हा आणखी जोर लावायचा, आणि शेवटी ते 'तुमचा मुद्दा विचारात घेता' म्हणून ढेपाळलं की हा मोबाइल पालथा घालून खिडकीबाहेर बघत बसायचा. तेव्हा मला ते नुसतं खूळ वाटायचं. शेवटी एकदा मी कॉलेजच्या पायऱ्यांवर त्याला विचारलं, "काहून रे त्या बिचाऱ्याच्या मागं लागला?"

तेव्हा त्याने वडिलांची गोष्ट सांगितली. त्याचे वडील अकोल्यातले दिवाणी वकील. त्यांच्या घरी जेवणाला बसणं म्हणजे तारखेला हजर राहणं होतं. "वरणात मीठ कमी आहे," हा म्हणाला की वडील म्हणणार, सिद्ध कर. "ऊन फार आहे," म्हटलं की विचारणार, फार म्हणजे कोणाच्या मानाने? अकोल्यात, ऐन उन्हाळ्यात! याने लहानपणी शाळेला बुट्टी मारायला पोटदुखीचं कारण सांगितलं, तेव्हा वडिलांनी रीतसर उलटतपास घेऊन दुखणारी जागा तीन वेळा बदलायला लावली होती. बापलेकांची ताटं वाळून कोरडी व्हायची, पण कोणी हटायचं नाही. आई दोघांच्या पुढ्यातली ताटं उचलून निकाल द्यायची. आणि आमच्या दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुटीत त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द येत नव्हता.

"घरी आता कोनी 'नाई' म्हनत नाई वं," तो म्हणाला. "मी कायबी म्हटलं तं आई म्हनते, हो राजा. नातेवाईक येतात, ते म्हनतात, हो बेटा. अन् हेबी 'हो'च म्हनते." त्याने हातातला मोबाइल उचलून दाखवला. इतके दिवस ज्याला मी खूळ समजत होते ते इतकं साधं होतं. त्याला यंत्राची चूक पकडायची नव्हतीच. ते एकदा तरी ठाम राहतं का, एवढंच तो बघत होता.

त्यानंतर त्याने यंत्राला वडिलांचं वळण लावायचा उद्योग सुरू केला. कॅन्टीनमध्ये गिला वडा गार करत तो एकेक आज्ञा लिहायचा. माझ्याशी सहमत होऊ नको. कौतुक करू नको. मला 'वकीलसाहेब' म्हण, पण टोमण्यात म्हण. यंत्राने सगळं आज्ञाधारकपणे मान्य केलं, इथेच घोडं पेंड खात होतं. पहिला प्रश्न विचारला तर उत्तर आलं: "वकीलसाहेब, हा अतिशय उत्तम प्रश्न आहे, परंतु मी तुमच्याशी सहमत नाही." "माह्या बापानं जन्मात मले 'उत्तम प्रश्न' म्हटलं नाई!" तो कळवळला. मग त्याने आज्ञा आणखी कडक केल्या, तर यंत्र इतकं बिथरलं की अमरावती हे शहर आहे हेसुद्धा मान्य करेना. आम्ही दोघं हसून हसून टेबलावर आडवे झालो. हसताना त्याचे डोळे भरून आले होते, ते हसण्यानेच असावेत असं मी धरून चालले.

मूटची स्पर्धा जवळ आली होती आणि आमचा खोटा खटला नेमका जमिनीच्या ताब्याचा होता. सराव करायला एका रविवारी मी त्याच्याबरोबर अकोल्याला गेले. वडील खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. अंगावर स्वच्छ पांढरा सदरा, दाढी आईने केलेली. नजर मात्र अशी की मी पाया पडून उठले ती कोर्टात उभं राहावं तशी ओढणी सावरून उभी राहिले. जोडीदाराने मोठ्या हौसेने मोबाइल त्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवला आणि त्या वळण लावलेल्या यंत्राला बोलतं केलं. ते टोमण्यात 'वकीलसाहेब' म्हणू लागलं. वडिलांनी दोन वाक्यं ऐकली आणि डोळे मिटून तोंड भिंतीकडे वळवलं. स्वयंपाकघरातून आई पदराला हात पुसत आली. "बंद कर ते," ती हळूच म्हणाली. "त्याहिच्या जागी दुसरं कोनी बोललेलं मलेबी नाई ऐकवत."

त्याने मोबाइल बंद केला. त्याचा चेहरा इतका पडला की मीच घाईघाईने सरावाचे कागद काढले आणि न्यायाधीश व्हायला खुर्ची ओढून बसले. तो उभा राहून बोलू लागला, पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. आणि बोलण्याच्या ओघात तो म्हणून गेला, "अशा दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे." इतके आठवडे यंत्राला खोटं पाडायला जे तीन तीन म्हणून घोकलं, ते त्याच्याच जिभेवर बसलं होतं. मी टोकणार, एवढ्यात खिडकीकडून आवाज आला. "अंऽ!"

आम्ही दोघं वळलो. वडिलांनी डोळे उघडले होते. डावा हात खुर्चीवरून वर उचलला होता. जोडीदाराच्या ध्यानात आपली चूक आली, हे मला त्याच्या कानांवरून कळलं. ते लाल झाले. मग घसा खाकरून, वडिलांकडे रोखून बघत म्हणाला, "तीन वर्षं, बाबा. तीनच." वडिलांचा हात जोरात खुर्चीच्या हातावर आपटला. मान नाही नाही म्हणून हलली. "कायद्यात तीनच लिहिलं हाये," हा पुढे म्हणाला. वडिलांच्या तोंडातून पुन्हा तो आवाज, आधीपेक्षा मोठा. आई घाबरून धावत आली, मी तिचा हात धरून तिला थांबवलं. आणि मग त्या खोलीत जे चाललं त्याला युक्तिवादच म्हणायला हवं. एका बाजूला शब्दच शब्द आणि सगळे खोटे, दुसऱ्या बाजूला एकही शब्द नाही आणि म्हणणं शंभर टक्के खरं. वडिलांनी डाव्या हाताने कपाटाकडे खूण केली. आईने एकेक पुस्तक काढून दाखवलं, त्यांना हवं ते निघेपर्यंत त्यांनी मान हलवली, आणि मग मुलाला त्यातलं पान शोधायला लावून मोठ्याने वाचायला लावलं. "बारा वर्षं," त्याने वाचलं. वडील खुर्चीत मागे टेकले. घामाघूम झाले होते, आणि चेहऱ्यावर असा तोरा होता की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. "हारलो, बाबा," जोडीदार म्हणाला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. हरल्यावर इतका सुखी झालेला वकील मी अजून पाहिलेला नाही.

तेव्हापासून तो दर शनिवारी अकोल्याला एक चुकीचा मुद्दा घेऊन जाऊ लागला. साधी चूक चालायची नाही. वडील तिच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. चूक भरभक्कम, खरी वाटणारी हवी. इथे एआयचं भाग्य उजळलं. कायद्याचं दिसणारं, आत्मविश्वासाने बोलणारं आणि मुळात चुकीचं असं काही पाहिजे असेल तर त्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नाही, असं जोडीदाराने जाहीर केलं आणि साक्षीदाराला सन्मानाने कामावर ठेवलं. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं मिळून त्यातली उत्तम चूक निवडायचो. सोमवारी तो हरून यायचा आणि कसा हरला ते रंगवून सांगायचा. पुढे वडिलांना थोडे शब्द येऊ लागले. पहिला आला तो "नाही." त्याच्या आईने त्या दिवशी पुरणपोळी केली आणि माझ्यासाठी डब्यात घालून पाठवली.

मूटच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो, ते सोडा. अंतिम वर्षाची परीक्षा झाली आणि तो कायमचा अकोल्याला जायला निघाला. वडिलांचं ऑफिस उघडायचं होतं. मी बसस्टँडवर गेले होते. तो खिडकीशी बसला, मी खाली उभी. काही तरी बोलायचं म्हणून मी हसत म्हटलं, "चला, आता भांडाले बाबा हायेत तुले. तीन वर्षं मी भांडली, माहं काय?"

त्याने खरंच नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "तू कुठी भांडली वं?" तो म्हणाला. "तू तं माह्या बाजूनं होती."

बस निघाली. मी हात हलवायलाही विसरले. कोणी माझ्याबद्दल याहून मोठं काही बोललेलं नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण तीन वर्षं मी ज्याला भांडण समजत होते, रात्री घोकून, सकाळी ताजे मुद्दे घेऊन जिथे धावत जात होते, ते त्याच्या हिशेबी भांडण नव्हतंच. नाही म्हणणारं माणूस शोधत तो यंत्रापर्यंत गेला, आणि ते माणूस त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेलं होतं. हे त्याला खिडकीतून ओरडून सांगायचं राहून गेलं.

आता मी अमरावतीला प्रॅक्टिस करते, तो अकोल्याला. ऑफिसात ज्युनियर मुली आहेत, हुशार आहेत, एआयवर सराईत हात आहे त्यांचा. मी काहीही म्हटलं की त्या "हो मॅडम" म्हणतात. सणावाराला त्याचा फोन येतो. वडील बरे आहेत, रोज त्याला हरवतात. तुझं कसं चाललंय, छान, तुझं, छान. फोन ठेवल्यावर दिवसभर कशात मन लागत नाही. मला मनापासून एकच वाटतं. अकोल्यातल्या शेताचा, घराचा, कुंपणाचा, कसला तरी दावा माझ्याकडे यावा, आणि समोरच्या पक्षाचं वकीलपत्र त्याने घेतलेलं असावं. एकदा तरी त्याने मला त्याच्या विरुद्ध बाजूला उभं असलेलं पाहावं आणि माझं एक अक्षर मान्य करू नये. मी हरले तरी चालेल. दिवाणी दावे वर्षानुवर्षं चालतात, तारखांवर तारखा पडतात, अशी लोकांची फार तक्रार असते. मला त्यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही.